चर्चमधला पाळकांचा फलक: भिंतीवर कोणाकोणाची नावं कोरायची?

प्रवराकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांना सलाम.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, प्रवरेच्या बाजूचं. पुढच्या वर्षी आमच्या चर्चच्या इमारतीला शंभर वर्षं होतात. मंडळी, म्हणजे इथला ख्रिस्ती समाज, त्याहून जुनी, आधी उपासना मिशनच्या शाळेच्या खोलीत भरायची. शताब्दीनिमित्त कमिटीने ठरवलंय की आत शिरल्यावर उजव्या हाताला काळ्या ग्रॅनाइटचा फलक लावायचा आणि त्यावर आजवरच्या सगळ्या पाळकांची नावं, वर्षांसकट कोरायची. मी आता निवृत्त आहे, वेळ आहे, म्हणून यादीचं काम माझ्याकडे आलं.

तीन आठवडे पाळकसाहेबांच्या बंगल्यातल्या लोखंडी कपाटासमोर बसलो. बाप्तिस्म्याची रजिस्टरं, लग्नाची, दफनाची, शिवाय जमाखर्चाच्या वह्या. काही पानांना कसर लागलीय, काही ओलीने एकमेकांना चिकटलीत. पण प्रत्येक नोंदीच्या शेवटच्या रकान्यात विधी करणाऱ्याची सही असते, त्यामुळे पाळकांची यादी तशी सोपी गेली. सही बदलली की पाळक बदलले.

अडलो ते दफनाच्या रजिस्टरात, १९१८ च्या ऑक्टोबरात. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ. एरवी एका पानावर चार-पाच महिन्यांच्या नोंदी मावतात, इथे एका पानावर चार दिवस. कारणाच्या रकान्यात पहिल्यांदा 'ताप' लिहिलंय, मग नुसत्या खाली-खाली दोन रेघा, वरीलप्रमाणे. आणि सही पाळकांची नाही. अकरा दिवस सगळ्या नोंदी एकाच वेगळ्या अक्षरात आहेत, सहीखाली लिहिलंय 'शाळामास्तर'. नोव्हेंबरात पाळकांची सही परत येते, पण अक्षर हललेलं आहे. म्हणजे पाळक स्वतः अंथरुणावर होते आणि त्या अकरा दिवसांत गावातल्या माणसांना मातीत ठेवायचं काम मास्तरांनी केलं.

कमिटीचा ठराव म्हणतो 'पाळकांची नावं'. मास्तर पाळक नव्हते. त्यांचं नाव कुठे घालू?

दुसरी गोष्ट. जमाखर्चाच्या जुन्या वह्यांत दर महिन्याला एक ओळ येते: 'बायबल बाईस पगार'. वर्षानुवर्षं. नाव एकदाही नाही.

तुमच्या मंडळ्यांत असे फलक असतील. तुम्ही काय केलंत? मनापासून विचारतोय, कारण दगडात एकदा कोरलं की ते पुसता येत नाही.

पाळकाची_लेक

वाचून घशाशी आलं. माझे वडील पाळक होते, सोलापूर, नगर, मराठवाडा असं करत माझ्या सहा शाळा झाल्या. वडिलांचं नाव अशा दोन फलकांवर आहे. आईचं कुठेच नाही, आणि ते कोणाच्या मनातही आलं नाही, माझ्यासुद्धा, आज तुमचं वाचेपर्यंत.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटण्याचा विधी असायचा. त्याच्या आदल्या शनिवारी दुपारी आई काळे मनुके धुऊन भिजत घालायची. संध्याकाळी पितळी पातेल्यात मंद आचेवर उकळायचे, मग जुन्या धुतलेल्या धोतराच्या फडक्यातून पिळून काढायचे. रस गार झाला की बाटलीत. आम्हाला उरलेला चोथा साखर घालून मिळायचा, त्यासाठी आम्ही भावंडं भांडायचो. रविवारी उपासना संपल्यावर ते इवलेसे काचेचे प्याले, लाकडी तबकातले, आई एकेक करून गरम पाण्यात धुवायची. शंभराच्या वर असायचे. एकही फुटू द्यायचा नाही, कारण ते मिशनच्या वेळचे होते आणि तसे परत मिळत नव्हते.

शिवाय महिला मंडळ तिचं, शब्बाथशाळा (मुलांची रविवारची शाळा) तिची, रात्री-अपरात्री कोणी दार वाजवलं तर चहा तिचा, आणि घरात वडील नसतील तर ऐकून घेणंही तिचंच. नवऱ्याने मारलेल्या बायका वडिलांकडे नाही, आईकडे यायच्या. या सगळ्याला हुद्दा काय? 'पाळकबाई'. पगार शून्य. बदली मात्र दोघांची.

मास्तरांचं नाव घालाच.

सह्याद्रीवासी

मी ख्रिस्ती नाही, पण धागा आवडला म्हणून विचारतो. पाळक म्हणजेच फादर का? आणि पाळक, पंच, प्रचारक, बायबल बाई हे सगळे वेगवेगळे कसे? आमच्या गावात चर्च होतं, नाताळला आम्ही मुलं केक खायला जायचो. तिथल्या गुरुजींना सगळे 'पाळकसाहेब' म्हणायचे, एवढंच आठवतं.

वसईकर

सह्याद्रीवासी, फादर आमच्याकडे, म्हणजे कॅथलिकांत. आमचे धर्मगुरू लग्न करत नाहीत, त्यामुळे 'पाळकबाई' हा शब्दच आमच्याकडे नाही. पाळकाची_लेक यांनी लिहिलंय ते माझ्यासाठी नवीन जग आहे. आमच्याकडे सिस्टर असतात, त्यांच्या मठाच्या नोंदी असतात, नावं राहतात. घरातल्या बाईचं काम मात्र कुठल्या दप्तरात लिहिणार?

आमच्या वसईच्या जुन्या चर्चमध्ये प्रमुख धर्मगुरूंची यादी भिंतीवर आहे. घंटा वाजवणाऱ्याचं नाव तिथेही नाही.

निवृत्त_पाळक

सह्याद्रीवासी यांच्या प्रश्नाला उत्तर देतो, छत्तीस वर्षं हेच केलं.

आमच्या भागातल्या बहुतेक मंडळ्या आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चपंथ एकत्र येऊन ते झालं. त्यात अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट, आणि आमच्या नगरच्या मंडळ्या ज्यात होत्या ते युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया. या चर्चमध्ये अभिषिक्त सेवक तीन प्रकारचे: बिशप, प्रेस्बिटर आणि डीकन. लोक ज्यांना पाळक म्हणतात ते बहुधा प्रेस्बिटर. प्रभुभोजन देण्याचा अधिकार त्यांचा. डीकन हा त्याच्या आधीचा टप्पा.

बाकीचे अभिषिक्त नसतात, पण मंडळी त्यांच्यावर चालते. प्रचारक वाड्या-वस्त्यांवर जातो. बायबल बाई घरोघरी बायकांत काम करायची. कमिटीचे पंच हिशेब, इमारत, दफनभूमी बघतात. वडील माणसं पाळक नसताना उपासना चालवतात.

आणि 'पाळक नसताना' हे वारंवार घडतं, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. माझ्याकडे एक मुख्य मंडळी आणि सात गावं होती. रविवार एकच. मोटारसायकलवर सकाळी आठला एका गावी, साडेदहाला मुख्य चर्च, दुपारी चारला तिसरीकडे. तरी पाच गावं राहतातच. तिथे प्रचारक किंवा एखादा शिकलेला शेतकरी उभा राहून शास्त्रपाठ वाचतो, दोन गीतं होतात, तो चार शब्द बोलतो. प्रभुभोजन मात्र मी जाईन तेव्हाच, म्हणजे कधी-कधी दोन महिन्यांनी. एका वस्तीवर एक आजी मला म्हणाली होती, "साहेब, तुम्ही भाकर देता, पण रोज चूल पेटवतो तो हा पोऱ्या." तो पोऱ्या म्हणजे आमचा प्रचारक, तेव्हा चोवीस वर्षांचा.

आता फलकाबद्दल. माझं मत विरुद्ध आहे, राग मानू नका. एकाने लावलं, दुसऱ्याने पाणी घातलं, वाढ देणारा तिसराच, हे आम्ही आयुष्यभर व्यासपीठावरून सांगितलं. मग लावणाऱ्यांच्या नावाचा दगड कशाला? माझं नाव ज्या चार ठिकाणी आहे तिथून पुसलं तरी मला चालेल.

घाटावरची

साहेब, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते. तुमचं नाव चार ठिकाणी आहे म्हणून तुम्हाला ते पुसलेलं चालेल. ज्यांचं एकाही ठिकाणी नाही त्यांच्या वतीने तुम्ही नको म्हणू नका.

आणि बायबलात पौलाने लावण्या-पाणी घालण्याचं लिहिलं हे खरं, पण त्याच पौलाचं रोमकरांस लिहिलेलं पत्र शेवटच्या अध्यायापर्यंत वाचा. सोळावा अध्याय म्हणजे नावांची यादीच आहे. आणि पहिलं नाव कोणाचं? फिबीचं. किंख्रियाच्या मंडळीची सेविका. मग प्रिस्का आणि अक्विला, नवऱ्याच्या आधी बायकोचं नाव. खूप कष्ट घेतलेल्या मरियेचं नाव. रूफाच्या आईचं नाव दिलं नाही, पण 'ती माझीही आई' असं तो लिहितो. त्याला नावं लिहिणं कमीपणाचं वाटलं नाही.

माझी आजी बायबल बाई होती. विधवा झाली तेव्हा तेवीस वर्षांची. मिशनच्या मडमेने तिला लिहायला-वाचायला शिकवलं आणि कामाला लावलं. पांढरं लुगडं, काळी छत्री, खांद्याला खादीची पिशवी. पिशवीत पुस्तक, चित्रांची गुंडाळी, आयोडीनची बाटली आणि कापसाचा बोळा. आयोडीन कशाला, तर ज्या घरात उपदेश ऐकणार नाहीत त्या घरात पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यासाठी दार उघडतात. ती कधीच पडवीच्या आत स्वतःहून जायची नाही. उंबऱ्याबाहेर बसायची, आणि जिला ऐकायचंय ती बाई आतून निवडणं-टिपणं करत ऐकायची. पुष्कळ घरांत तिने शास्त्र कमी आणि बाराखडी जास्त शिकवली. सुनांना माहेरी पत्र लिहायचं असायचं. आजी सांगायची, "पहिलं अक्षर शिकवायचं ते तिच्या आईच्या नावाचं."

ती वारली तेव्हा आमच्या मंडळीच्या वहीत लिहिलंय: 'बायबल बाई मयत'. प्रवराकाठ, तुमच्या वहीतली ओळ वाचली तेव्हा ती ओळ डोळ्यांसमोर आली.

निवृत्त_पाळक

घाटावरची, बरोबर बोललात. माझा मुद्दा मागे घेतो.

इतिहासवेडा

थोडी पार्श्वभूमी देतो, म्हणजे 'मास्तर' आणि 'बायबल बाई' ही माणसं आली कुठून ते कळेल.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत १८१३ साली आले, गॉर्डन हॉल हे त्यातलं मोठं नाव. नगरचं ठाणं १८३१ मध्ये सुरू झालं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरहूनच निघालं. पण गोऱ्या मिशनऱ्यांची संख्या नेहमीच बोटांवर मोजण्याइतकी, आणि गावं शेकडो. त्यामुळे पहिल्यापासून खरा भार इथल्या माणसांवर पडला. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे नगरच्या पहिल्या एतद्देशीय पाळकांत येतात. कृष्णराव सांगळे यांनी तर कीर्तनच हातात घेतलं. टाळ, वीणा, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं आपलं, आख्यान येशूचं. गावच्या माणसाला बाकावर बसून तासभर व्याख्यान ऐकायची सवय नव्हती, कीर्तन ऐकायची होती. त्यांची गीतं आजही म्हटली जातात.

रेव्हरंड ना. वा. टिळकांना सगळा महाराष्ट्र ओळखतो, त्यामुळे जास्त लिहीत नाही. एकच नोंदवतो. १८९५ ला बाप्तिस्मा, पुढे नगरला अध्यापन, पाळकी, कविता. आणि १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली. परदेशी पैशावर चालणारी सेवा आणि आपल्या मातीतली सेवा यांतला फरक त्यांना टोचत होता. हा प्रश्न आजही आपल्या मंडळ्यांत सुटलेला नाही, पाळकाचा पगार कोण देणार इथपासून.

बायकांच्या बाजूने बघायचं तर नगरच्या मुलींच्या शाळा आणि मिशनच्या शिक्षिका सिंथिया फॅरार. १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या नगरला होत्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतलं. घाटावरची यांच्या आजींसारख्या बायका अशाच शाळांतून पुढे आल्या.

आणि खेड्यातला मास्तर. बहुतेक नवे ख्रिस्ती महार-मांग वाड्यांतले. गावच्या शाळेत त्यांच्या पोरांना पायरीवरही बसू देत नसत. म्हणून मिशनने वाड्यातच शाळा काढली. एक खोली, एक मास्तर. सोमवार ते शनिवार तो शिकवणार, रविवारी त्याच खोलीत उपासना घेणार, कोणी आजारी पडलं तर गोळी देणार, कोर्टकचेरीचा कागद आला तर वाचून दाखवणार. पाळक महिन्यातून एकदा येणार. तेव्हा १९१८ ला तुमच्या मास्तरांनी जे केलं ते नेमणुकीबाहेरचं नव्हतं, त्यांची नेमणूकच तशी होती. फक्त नाव 'मास्तर' होतं.

जालनेकर

आमच्याकडे जालन्याजवळ बेथेल. ख्रिस्ती धर्मप्रचारक नारायण शेषाद्रींनी उभं केलेलं अख्खं गाव, शेतीसकट. पण मोठ्या माणसाच्या नावाची सावली मोठी पडते. त्या गावात विहिरी खणणारे, शाळा चालवणारे कोण होते ते मला माझ्या पणजोबांच्या पलीकडे सांगता येत नाही. प्रवराकाठ, तुमच्याकडे रजिस्टरं आहेत तोवर काम उरकून घ्या. आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, आधी तो काढा.

पेटीमास्तर

मी चाळीस वर्षं आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवतो. माझं नाव फलकावर नको, पण आमच्या घंटावाल्या बाबांचं असायला हवं होतं असं वाटतं.

रविवारी पहिली घंटा नऊला, दुसरी साडेनऊला. पहिल्या घंटेला बायका चूल आवरायच्या, दुसरीला माणसं बाहेर पडायची. घड्याळं नव्हती तेव्हा हिंदू वस्तीतली माणसंसुद्धा रविवारी आमच्या घंटेवर बैल सोडायची. मरण झालं की घंटा वेगळी. एक टोला, मग थांबायचं, श्वास आत-बाहेर होईल एवढं, मग दुसरा. ते थांबणं बाबांना बरोबर जमायचं. पुढे दुसऱ्या कोणी वाजवली की कळायचं, हा घाई करतोय.

ते बाबाच कबर खणायचे, झाडलोट करायचे, पावसाळ्याआधी कौलं चाळायचे, नाताळला बांबूच्या कामट्यांचा तारा बांधायचे. पाळक बदलले नऊ, बाबा तेच. नव्या पाळकांना पहिल्या आठवड्यात कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या घरी आजारी आहे, कोणाला आधी भेटायचं, हे बाबा सांगायचे. हे मी कानांनी ऐकलंय, पेटीचा भाता शिवत बसलो होतो तेव्हा.

प्रवराकाठ (धागाकर्ता)

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळं प्रिंट काढून कमिटीत वाचून दाखवणार आहे.

आणखी एक अडचण सांगतो, जी मी पहिल्या पोस्टमध्ये टाळली होती. यादीतल्या एका पाळकांचं नाव कमिटीतल्या काही जणांना नको आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी जमिनीच्या एका व्यवहारावरून मोठा वाद झाला, दोन तट पडले, काही घरं मंडळी सोडून गेली ती आजवर आली नाहीत. माझ्या घरातच दोन्ही बाजूंचे लोक आहेत. माझ्या काकांनी त्या पाळकांच्या हातून प्रभुभोजन घेणं बंद केलं होतं, आणि माझा स्वतःचा बाप्तिस्मा त्यांच्याच हातून झालाय. रजिस्टरात माझ्या नावापुढे त्यांची सही आहे. मी काय करू?

निवृत्त_पाळक

सही आहे तर नाव आहे. तुमचा बाप्तिस्मा खोटा नाही, तर तो देणाऱ्याचं नाव गाळून कसं चालेल? त्यांनी चूक केली असेल तर त्याचा हिशेब त्या वेळच्या ठरावांच्या वहीत आहे, ती वही जपून ठेवा. फलक हा शाबासकीचा दगड करू नका. कोण कधी इथे होतं एवढंच तो सांगेल, म्हणजे वादच नाही.

तरुण_संघ

मी पंचविशीतला आहे, सगळं वाचलं, आवडलं. पण एक कडू बोलतो.

आमच्या मंडळीत आज एक प्रचारक आहेत. त्यांना महिन्याला जे मिळतं ते मी इथे लिहीत नाही, मला लाज वाटते. एवढंच सांगतो की त्यात एका माणसाचं किराणा सामान आणि पेट्रोल जेमतेम निघतं. पीएफ नाही, विमा नाही. गेल्या पावसाळ्यात गाडी घसरून हात मोडला, तर दानार्पणाच्या वेळी वेगळी थैली फिरवली. त्याच महिन्यात आम्ही साउंड सिस्टीम बदलली.

शंभर वर्षांनी कोणीतरी वही उघडेल आणि तिथेही लिहिलेलं असेल 'प्रचारकास पगार', नाव नाही. ग्रॅनाइटला जे पैसे लागणार आहेत त्यात त्यांचा किती महिन्यांचा पगार निघेल, याचा हिशेब कमिटीने आधी करावा असं मला वाटतं.

पाळकाची_लेक

तरुण_संघ, हे कडू नाही, खरं आहे. माझे वडील निवृत्त झाले तेव्हा बंगला रिकामा करायला आम्हाला एक महिना मिळाला. नवीन पाळक येणार होते, त्यांचीही मुलं लहान, त्यांचा काही दोष नाही. पण साठ-पासष्ट वर्षांपर्यंत ज्या माणसाला मंडळीने राहायला घर दिलं, त्याला स्वतःचं घर बांधायची संधीच कधी मिळत नाही, हे कोणी लक्षात घेत नाही. आईबाबा पुढे सोळा वर्षं माझ्या दोन खोल्यांत राहिले. बाबांनी एकदाही तक्रार केली नाही. आईने एकदा केली, ती गच्चीवर जाऊन.

निवृत्त_पाळक

मी आज जिथून लिहितोय ते घर माझ्या मेव्हण्याचं आहे.

१९७० च्या आधी आमच्या मंडळ्या काँग्रिगेशनल पद्धतीच्या, पाळक मंडळीच बोलावायची आणि मंडळीच सांभाळायची. त्यात पाळक मंडळीच्या श्रीमंतांच्या मुठीत जायचा धोका होता. आता धर्मप्रांत, म्हणजे बिशपचा विभाग, नेमणूक करतो, ठरावीक वर्षांनी बदली होते. त्यात मुठीतून सुटका झाली, पण मंडळीला वाटायला लागलं की पाळक ही वरून येणारी वस्तू आहे, तिची काळजी वरचे घेतील. दोन्हीकडे राहून बघितलंय. बदलीच्या पद्धतीला माझा विरोध नाही, पण म्हाताऱ्या पाळकाला आणि प्रचारकाला छप्पर कोणाचं, हा प्रश्न दोन्ही पद्धतींत तसाच राहिला.

घाटावरची

प्रवराकाठ, तुमच्या बायबल बाईंचं नाव शोधायची एक जागा सुचवते. दफनाच्या आणि खर्चाच्या वहीत नाव नसलं तरी बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात आईच्या नावाचा रकाना असतो. आणि आईबापांचा धंदा लिहायचाही एक रकाना जुन्या रजिस्टरांत असतो. बाईंना मूल असेल, आणि ती विधवा असेल किंवा नवरा दुसरं काही करत असेल, तर तिथे सापडेल. माझ्या आजीचं नाव मला असंच सापडलं, माझ्या आत्याच्या बाप्तिस्म्यात.

सह्याद्रीवासी

उत्तरांबद्दल सगळ्यांचे आभार. आमच्या गावातल्या चर्चमध्ये गेल्या रविवारी मुद्दाम जाऊन आलो. बाहेर पायरीवर एक म्हातारे गृहस्थ सगळ्यांच्या चपला सरळ लावत होते, म्हणजे जाताना पाय घालायला सोपं जावं. मी नाव विचारलं. तीस वर्षं हेच करतायत म्हणाले.

प्रवराकाठ (धागाकर्ता)

दीड महिन्याने लिहितोय, उशिराबद्दल क्षमस्व.

घाटावरची, सापडलं. आई: नाव आहे. बापापुढे 'मयत'. धंदा: 'बायबल बाई'. वर्षं खर्चाच्या वहीशी जुळतात, अक्षरही त्याच पाळकांचं. मी ते पान धरून किती वेळ बसलो ते कळलं नाही, पाळकबाई चहा ठेवून गेल्या तो गार झाला. त्या बायबल बाईंचा नातू श्रीरामपूरला असतो असं कळलंय. नाव इथे लिहीत नाही, घरच्यांना आधी विचारतो. मास्तरांच्या घरच्यांचा पत्ता मात्र लागत नाहीये.

कमिटीची बैठक झाली, साडेतीन तास. तरुण_संघ यांची पोस्ट मी मोठ्याने वाचली. खजिनदारांनी तिथल्या तिथे हिशेब केला. ठरलं ते असं: ग्रॅनाइट नाही, कडप्पा. उरलेल्या पैशांतून प्रचारकांचा अपघात विमा आणि त्यांच्या नावाने बँकेत आवर्ती ठेव, दर महिन्याला मंडळीने भरायची. पाळकसाहेब स्वतः म्हणाले की नाताळचा सजावटीचा खर्च निम्मा करून तोही त्यात घाला. निवृत्त सेवकांच्या घराचा विषय पुढच्या बैठकीला ठेवलाय, आणि मी तो सोडणार नाही.

फलकावर नावं हुद्द्याने नाही, वर्षाने येणार. पाळक, मास्तर, बायबल बाई, प्रचारक, घंटावाले, सगळे एकाच अक्षरात, नावापुढे काम लिहून. पाळकबाईंची नावं पाळकांच्या शेजारी. त्यावर थोडी चर्चा झाली, पण आताच्या पाळकबाई पहिल्यांदाच बैठकीत बोलल्या आणि मग चर्चा थांबली. वादातल्या पाळकांचं नाव आहे. माझ्या काकांनी हात वर केला नाही, पण उठूनही गेले नाहीत.

एक प्रश्न उरलाय. कडप्प्यावर कोरलेली अक्षरं किती टिकतात? कारागीर सोनेरी रंग भरू म्हणतोय.

पेटीमास्तर

सोनेरी नको, दमट भिंतीवर दोन पावसाळ्यांत काळवंडतो, आमच्याकडे तेच झालं. पांढरा ऑइल पेंट भरायला सांगा आणि अक्षरं नुसती ओरखडलेली नकोत, चांगली खोल घ्यायला लावा. दगड भिंतीला चिकटवू नका, मागे बोटभर जागा सोडून खिळ्यांवर बसवा. आणि खाली दोन हात जागा मोकळी ठेवा.

प्रवराकाठ (धागाकर्ता)

दोन हात ठेवतो. रविवारी कारागिराला बोलावलंय, उपासनेनंतर.